काचेवरची तालीम

"‘समज, बायको मेली. रडत बसायचं नाही. साडेआठला शटर उघडायचं.’ हे अक्षर तुझं आहे की नाही, तेवढंच सांग. बाकी मी बघते."

काचवाल्याने हातातली हिरकणी खाली ठेवली. काच कापायच्या हत्याराला सगळे हिरकणीच म्हणतात, टोकाला हिरा नसून इवलंसं चाक असलं तरी. बायको दुकानाच्या दारात उभी होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल, गळ्यात शिट्टी. तरणतलावावरून पहिली बॅच संपवून ती तडक इकडेच आली होती. फोन तिने त्याच्या नाकाला टेकेल इतक्या जवळ धरला होता. फोनमध्ये फोटो, फोटोत काच, काचेवर पिवळ्या मेणपेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी.

अक्षर त्याचंच होतं. नाकारायची सोयच नव्हती. असं गिचमिड अक्षर सगळ्या गल्लीत दुसऱ्या कुणाचं नाही.

"माझंच आहे," तो म्हणाला. "पण तुला वाटतंय तसं नाहीये ते."

"मला काय वाटतंय ते तू नको सांगू. मी मेलेय ना? मेलेल्या माणसाला काही वाटत नाही."

आता ही काच तिच्यापर्यंत कशी पोचली ते ऐका. काचवाले लोक काचेवरच लिहितात. माप, गिऱ्हाइकाचं नाव, कुठली कड घासायची, सगळं मेणपेन्सिलीने, आणि माल जाताना फडक्याने पुसतात. कागदाची भानगडच नाही. त्यामुळे या माणसाला दुसरं काहीही लिहायचं झालं की हात आपोआप जवळच्या काचेकडे जातो. परवा सकाळी जवळची काच होती मेहुणीच्या जेवणाच्या टेबलाची. बायकोची थोरली बहीण, सगळे तिला ताईच म्हणतात. काच पुसायची राहिली, वर कागद गुंडाळला गेला, संध्याकाळी ती टेम्पोत चढली आणि ताईच्या घरी टेबलावर बसली. तीही उलटी, लिहिलेली बाजू खाली. आज सकाळी नाश्त्याला बसल्यावर ताईला काचेत काहीतरी पिवळं दिसलं. वरून अक्षरं उलटी दिसत होती. ताई सोडणारी बाई नव्हे. ती टेबलाखाली शिरली, जमिनीवर उताणी झोपली आणि फोनचा उजेड पाडून तिने ते मोठ्याने वाचलं. वर तिच्या नवऱ्याचा घास घशात अडकला, असं नंतर कळलं.

"ताईने विचारलं मला," बायको म्हणाली, "की तुमचं सगळं ठीक चाललंय ना. काय सांगू मी तिला?"

काचवाल्याने सांगायचा प्रयत्न केला. ही एक पद्धत आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची, मोठमोठ्या लोकांची, त्यात सकाळी उठून वाईटातलं वाईट डोळ्यांसमोर आणायचं असतं. तो जितकं सांगत गेला तितका तिचा चेहरा बंद होत गेला. शेवटी तिने हात वर केला, पोहण्याच्या वर्गातली पोरं गप्प करताना करते तसा.

"ऐक. आज साडेअकराला माझ्या गाठीत सुई घालून तपासणार आहेत. ताई येतेय बरोबर. तू येऊ नकोस. तू तिथे एक तर आरडाओरडा करशील, नाही तर पुतळ्यासारखा बसशील. मला दोन्ही नकोय आज."

आणि गेली. तिची साडेनऊची बॅच होती.

काचवाला उभाच राहिला. साडेअकराचं त्याला माहीतच नव्हतं.

गाठीचं माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी तिच्या मानेत, उजवीकडे, वाटाण्याएवढी गाठ लागली होती. डॉक्टर म्हणाले होते घाबरू नका, तीन महिने बघू. त्या दिवशी या माणसाने दवाखान्यात जो धिंगाणा घातला त्याला तोड नव्हती. काउंटरवरच्या बाईने फक्त तारीख विचारली होती. हा तिच्यावर असा ओरडला, जणू ती गाठ तिनेच ड्रॉवरमधून काढून दिली होती. लोक बघायला लागले. बायको उठून बाहेर गेली आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसली, बस तिला कुठलीच पकडायची नसताना.

तो आधीपासूनच तसा. गल्लीत त्याला कुकर म्हणतात. चुकीचं माप आणणाऱ्या गिऱ्हाइकावर एक शिट्टी, टेम्पोवाल्यावर दुसरी, लाइट गेली की तिसरी. पण त्या दिवसानंतर तो स्वतःलाच घाबरला. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याने एका रेघेवरून दोनदा हिरकणी फिरवली. हे काचवाल्याच्या पोराला बाराव्या वर्षीच कळतं की रेघ एकदाच मारायची. एकदा चरा पडला की पडला. त्यावरून परत गेलं की काच मनाला येईल तशी फुटते. त्याच्या हातून त्या दिवशी चार काचा गेल्या.

शेजारी चष्म्याचं दुकान. चष्मेवाले काका फुटण्याचे आवाज ऐकून आले. काकांना वाचायची खोड, दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पुस्तकं जास्त. त्यांनीच सांगितलं, पूर्वी स्टोइक म्हणून लोक होते, ग्रीकांच्या काळात, खांबांच्या ओसरीत बसून शिकवायचे, पुढे त्यांचा विचार राजापासून गुलामापर्यंत सगळ्यांनी उचलला. काकांनी दुकानातली दोन पिंपं दाखवली. फुटक्या काचा टाकायची पिंपं असतात ती, एकात साधी काच, दुसऱ्यात आरसा, कारण दोन्ही एकत्र वितळवत नाहीत. काका म्हणाले, झालं तर मग, डोक्यातही तसंच करायचं. आपल्या हातात आहे ते या पिंपात, नाही ते त्या पिंपात. दुसऱ्या पिंपातल्यासाठी डोकं तापवायचं नाही. आणि रोज सकाळी, जे जे जाऊ शकतं ते गेलं असं समजून बघायचं, म्हणजे खरंच गेलं तर माणूस कोसळत नाही.

हे काचवाल्याला पटलं. डोक्याने पटायच्या आधी हातांना पटलं. रेघ मारणं त्याच्या हातात होतं, काच नीट तुटेल की नाही हे शंभर टक्के कधीच नव्हतं. इतकी वर्षं तो हेच करत होता, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

मग त्याने जो सपाटा लावला. लाइट गेली, दुसरं पिंप. टेम्पो आला नाही, दुसरं पिंप. एका गिऱ्हाइकाने बाथरूमच्या आरशाचं माप सेंटिमीटरऐवजी इंचात दिलं आणि वर त्यालाच मूर्ख म्हटलं. हा म्हणाला, तुमचं मत तुमच्यापाशी, आरसा मी नवीन कापतो. गिऱ्हाईक इतकं गोंधळलं की माफी मागून गेलं. पंधरा दिवसांत गल्ली कंटाळली. कुकर वाजायचाच बंद झाला. पानाची टपरी, शिवणकामाचं दुकान, सगळ्यांची करमणूक गेली.

सकाळची तालीमही सुरू झाली. दुकान उघडायचं, फडकं झटकायचं, मेणपेन्सिल घ्यायची, समोरच्या काचेवर लिहायचं. समज, दुकान जळालं. समज, उजवा हात गेला. समज, डोळे गेले. आणि शेवटी, समज, बायको. पहिला आठवडाभर तो त्या शब्दापुढे गेलाच नाही. मागे जाऊन नळ सोडून उभा राहायचा, म्हणजे काकांना आवाज जाणार नाही. तिसऱ्या आठवड्यात वाक्य पूर्ण झालं. मग रोज होऊ लागलं, सरळ, एका दमात, आणि लिहून झालं की पुसून कामाला. त्याला वाटलं, जमलं.

घरी काय झालं तेही सांगायला हवं. महिन्यापूर्वी जेवताना बायको म्हणाली, गाठ जरा मोठी लागतेय हाताला. पूर्वीचा तो असता तर ताट भिरकावलं असतं. नवीन तो म्हणाला, "असू दे. ते आपल्या हातात नाही." आणि मीठ मागितलं.

तिने मीठ दिलं. त्यानंतर गाठीबद्दल एक शब्द काढला नाही. त्याला वाटलं, तिलाही पटलं.

आता तो दुकानात उभा होता आणि घड्याळात दहा वाजायला आले होते. टेबलावर बारा एमएमची जाड काच पसरलेली, एका ऑफिसच्या दाराची. तो स्वतःला म्हणाला, काम कर. पट्टी ठेवली, हिरकणी तेलात बुडवली, रेघ ओढली. मध्यावर हिरकणी अडखळली. चरा तुटला. आणि त्याने तेच केलं, जे करायचं नसतं. परत त्याच रेघेवरून गेला. खालून ठोकल्यावर काच कोपऱ्याकडे पळाली, आडवीतिडवी.

चष्मेवाले काका लगेच हजर. त्याने सगळं सांगितलं, ताईचं टेबल, साडेअकरा, येऊ नकोस. काकांनी आधी टेबलाखालच्या ताईवर हसून घेतलं, मग हसल्याबद्दल वाईट वाटून घेतलं.

"तालीम मनात करायची असते रे," ते म्हणाले. "काचेवर नाही."

त्याने विचारलं की पुढे काय. म्हणजे समजायचं की ती गेली, रडायचं नाही, दुकान उघडायचं, हे झालं. पण ती गेलेली नाहीये, जिवंत आहे, घाबरलीय, तेव्हा काय करायचं ते पुस्तकात कुठे आहे?  काका चष्मा काढून पुसायला लागले. खूप वेळ पुसला.

"मी अर्ध्यापर्यंतच वाचलंय," ते शेवटी म्हणाले. "पुढचं फार बारीक टायपात आहे."

चष्म्याच्या दुकानदाराने हे सांगावं. दुसरा कुठला दिवस असता तर काचवाला आठवडाभर गल्लीत हेच सांगत फिरला असता. इतक्यात बाहेर कुणीतरी काकांच्या दुकानासमोर स्कूटर आडवी लावली, आणि काका, सगळं स्टोइकपण दारात टाकून, शिव्या देत धावले.

तो पिंपांकडे बघत बसला. एकेक टाकू लागला. गाठ, दुसऱ्या पिंपात. सुई, दुसऱ्या. डॉक्टर, दुसऱ्या. काय निघेल ते, दुसऱ्या. तिने येऊ नकोस म्हटलं, ती तिची मर्जी, दुसऱ्या. सगळं तिकडेच. पहिलं पिंप अगदी रिकामं. म्हणजे आपण काय नुसते शटर उघडायला जन्मलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकदम राग आला. किती दिवसांनी आला. पण या वेळी कुणा दुसऱ्याचा नाही.

कारण त्याला दिसलं की त्याने चुकीचं टाकलंय. गाठ त्याच्या हातात नव्हती, बरोबर. पण ती म्हणाली की मोठी लागतेय, तेव्हा बघू म्हणून तिच्या मानेला हात लावणं कुणाच्या हातात होतं? दुखतं का विचारणं? रात्री झोप लागते का? दवाखान्यातल्या खुर्चीत शेजारी बसणं? हे सगळं त्याने गाठीबरोबर उचलून तिकडे फेकलं होतं. साधी काच आरशाच्या पिंपात. नवखं पोरसुद्धा असं करत नाही.

तो तसाच निघाला. हातमोजे काढले, हातावरची काचेची कच झटकली, आणि चालू लागला.

तरणतलाव दोन चौकांपलीकडे. आत क्लोरिनचा वास आणि पोरांचा कल्ला. बायको छातीएवढ्या पाण्यात उभी होती. समोर एक सहा-सात वर्षांची मुलगी उताणी, डोळे घट्ट मिटलेले, नाक वर, हात काठीसारखे ताठ. बायकोचा एक हात तिच्या पाठीखाली होता. ती हळू आवाजात बोलत होती. हात आहे, मी धरलंय, हात आहे. मग तो हात बोटभर खाली गेला, मग आणखी बोटभर. पोरीला कळलंही नाही.

बायकोने त्याला पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं. वर्ग संपेपर्यंत तो कठड्याशी उभा राहिला. शिट्टी झाली, पोरं बाहेर पळाली, ती कोपरं काठावर टेकून पाण्यातच थांबली. तो उकिडवा बसला. बुटात पाणी शिरलं.

"नको म्हटलं होतं ना मी?"

"म्हटलं होतंस. जा म्हणालीस तर जाईन. पण आधी ऐक."

त्याने सांगितलं. नळ सोडून उभा राहायचा तेही सांगितलं, जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती, पाण्यावरचं एक पान बोटाने ढकलत.

"मग आता सवय झाली माझ्या मरणाची?"

"झाली असं वाटत होतं. मघाशी तू साडेअकरा म्हणालीस आणि माझी रेघ मध्येच तुटली. काच गेली."

"कुठली?"

"बारा एमएम."

तिच्या भुवया वर गेल्या. इतकी वर्षं काचवाल्याशी संसार केलेल्या बाईला बारा एमएम म्हणजे काय ते कळतं.

"पंधरा वर्षं शिकवतेय मी," ती म्हणाली. "एकाही पोराला असं म्हटलं नाही की आधी बुडून बघ, म्हणजे भीती जाईल. पाठीखाली हात लागतो. तेवढाच लागतो रे."

तो म्हणाला की ते लोक काही मूर्ख नव्हते, त्यांच्या म्हणण्यात दम आहे, त्याचं ओरडणं त्यांनीच थांबवलं.

"त्यांना पोहता येत होतं का?"

"माहीत नाही."

"मग त्यांचं दुकानापुरतं ठेव. तिथे चांगलं चाललंय तुझं, मी बघते ना. टेम्पोवालासुद्धा म्हणाला परवा." तिने नाक पुसलं. ते पाण्यामुळे होतं की कशामुळे, ते तिचं तिला माहीत. "मीठ दे म्हणालास तू. मी सांगतेय गाठ वाढतेय, आणि तू मीठ मागतोस. मी त्या दिवशी ठरवलं, याला आता काही सांगायचं नाही. याने मला आधीच पोचवलंय."

त्याने काठावरचा तिचा टॉवेल उचलून तिच्यापुढे धरला. हे त्याचं त्या दिवसातलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

मग तो म्हणाला, "तिथे मी ओरडणार नाही. काउंटरवाल्या बाईची माफीही मागेन. तेवढं माझ्या हातात आहे."

"आणि पुतळा?"

"पुतळा कसा व्हायचा नाही, ते मला माहीत नाही. मी घाबरलोय. फार घाबरलोय. तीन महिने तेच लपवत होतो."

 तलावावरचा माणूस जाळी घेऊन आला, दोघांकडे पाहून दुसऱ्या टोकाला निघून गेला.

"हे आधी बोलायला काय झालं होतं?" ती म्हणाली. "मला वाटत होतं, घरात मी एकटीच घाबरतेय."

तिने हात वर केला. त्याने धरून तिला वर ओढलं, त्याचा अर्धा शर्ट भिजला. तिने ओल्या हाताने त्याचा हात घेतला आणि स्वतःच्या मानेवर, उजवीकडे, ठेवला. पहिल्यांदाच. गाठ बोटांना लागली. वाटाण्यापेक्षा मोठी होती, खरंच. त्याला वाटलं आता काहीतरी बोलायला हवं, पण तिने मान हलवली, म्हणजे नको.

"येणार असशील तर असाच ये. घाबरलेला. शांतबिंत होऊन आलास तर दारातून परत पाठवीन."

ती कपडे बदलायला गेली. तो फाटकाशी आला, तर ताईची गाडी उभी. ताईने काच खाली केली, त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, भिजलेला शर्ट, चिंब बूट.

"काय हो विधुर," ती म्हणाली. "तुम्हीपण येताय वाटतं?"

त्याने मान खाली घातली आणि टेबलाची काच आजच येऊन पुसून देतो म्हणाला. ताई म्हणाली की तिने आधीच रॉकेलने घासून काढलीय, आता तिच्या टेबलावर काय लिहायचं ते तीच लिहील. पण तिने मागचं दार आतून उघडून दिलं. मग हळूच, आरशात बघत, विचारलं, हिने सांगितलं का तुम्हाला, रात्रभर झोपली नाहीये ती. तो नाही म्हणाला. मग म्हणाला, मी विचारलंच नाही.

बायको आली. केस अजून ओलेच, पिशवी एका खांद्यावर. पुढे ताईशेजारी न बसता मागे येऊन बसली, आणि पिशवी त्याच्या मांडीवर टाकली, जणू ती तिथेच ठेवायची असते.

अकराला पाच कमी होते. त्याचा फोन वाजला. चष्मेवाले काका. शटर उघडंच टाकून गेलास, ते ओरडत होते, ऑफिसच्या दाराचा माणूस येऊन उभा आहे, म्हणतो दार आजच लागायला हवं होतं, टेबलावर फुटकी काच बघून फार तापलाय, काय सांगू, शटर ओढू का, आणि ती स्कूटर अजून तिथेच आहे. मागून त्या माणसाचा चढा आवाज येत होता. ताईने गाडी सुरू केली. बायकोने डोळे मिटले होते आणि तिचा हात सीटवर, त्याच्या हाताला लागून, थंडगार होता.

"त्याला सांगा चूक माझी आहे, दार उद्या देतो," तो म्हणाला. "शटर ओढा, नाही तर राहू दे. काका, ठेवतो. मला आता निघायचंय."